आरेखक ते छायाचित्रकार : दुसऱ्या व्यवसायाचा एक अभ्यास

माणसाने तरुणपणी पत्करलेला व्यवसाय त्याच्या स्वभावाला मानवेलच असे नाही. उपजीविकेची निकड, घरातील माणसांचा आग्रह आणि त्या त्या वेळी उपलब्ध असलेल्या संधी यांवरून पहिला व्यवसाय ठरतो. पुढे पंधरा-वीस वर्षांनी, संसार काहीसा स्थिरावल्यानंतर, मनातील जुनी ओढ पुन्हा वर येते. अशा वेळी काही जण छंदावर समाधान मानतात. काही थोडे लोक मात्र छंदालाच व्यवसायाचे रूप देण्याचे धाडस करतात. निसर्गदृश्यांचे छायाचित्रण हा अशा धाडसाला बळी पडणारा, आणि क्वचित त्याचे सार्थक करणारा, एक मोहक व्यवसाय आहे. डोंगर, नद्या, अरण्ये आणि जुनी मंदिरे यांच्या सहवासात दिवस घालवावेत आणि त्यातूनच चरितार्थ चालावा, ही कल्पना कोणालाही आवडेल अशीच आहे. ती प्रत्यक्षात कितपत उतरते, कोणत्या अटींवर उतरते आणि तिची किंमत काय द्यावी लागते, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

या विचाराला आधार म्हणून भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासातील एक ठळक उदाहरण घेता येईल. ते म्हणजे होळकरांच्या इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्याची नोकरी करीत असताना कॅमेरा हाती घेणारे लाला दीनदयाळ यांचे. त्यांच्या शेजारी नॉटिंगहॅमच्या बँकेतील नोकरी सोडून हिमालयात गेलेले सॅम्युएल बोर्न यांचे उदाहरण ठेवले, म्हणजे या व्यवसायाची दोन्ही अंगे स्पष्ट होतात.

इंदूर येथील आरेखक

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना या गावी एका जैन जवाहिऱ्याच्या कुटुंबात झाला. रुडकी येथील थॉमसन सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतले आणि १८६६ साली इंदूर येथे बांधकाम खात्याच्या सचिवालयात मुख्य अंदाजनवीस व आरेखक म्हणून ते रुजू झाले. इमारतीचे नकाशे तयार करणे, मोजमापे घेणे, खर्चाचा अंदाज बांधणे हे त्यांचे दैनंदिन काम होते. १८७४ च्या सुमारास, वयाच्या तिशीत, त्यांनी छायाचित्रणास प्रारंभ केला. नोकरीला लागून तेव्हा आठ वर्षे झाली होती.

इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर हे त्यांचे पहिले आश्रयदाते. महाराजांच्या द्वारे त्यांचा परिचय मध्य भारतातील गव्हर्नर जनरलचे प्रतिनिधी सर हेन्री डेली यांच्याशी झाला. १८७५-७६ साली प्रिन्स ऑफ वेल्स यांनी भारताचा दौरा केला, तेव्हा त्या प्रसंगाची छायाचित्रे घेण्याची संधी दीनदयाळ यांना मिळाली. १८८० नंतरच्या काळात डेली यांच्या पदावर आलेले सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत त्यांनी बुंदेलखंड आणि आसपासच्या प्रदेशात प्रवास केला व तेथील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेतली. त्यांतील ऐंशीहून अधिक चित्रांचा संग्रह १८८६ साली मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंवरील ग्रंथाच्या रूपाने प्रकाशित झाला. ग्रंथकर्ता म्हणून नाव अर्थातच ग्रिफिन यांचे होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दीनदयाळ यांनी पहिल्या व्यवसायात जे मिळविले ते दुसऱ्या व्यवसायात वाया गेले नाही. वास्तूचे छायाचित्र घेताना कॅमेरा किंचित जरी वर झुकविला तरी उभ्या भिंती एकमेकींकडे कललेल्या दिसतात. काचपट्टी वास्तूच्या दर्शनी भागाला समांतर ठेवून केवळ भिंग वर सरकविले, तर हा दोष टळतो. ज्याने वर्षानुवर्षे ओळंब्यात बसणाऱ्या रेषा आखल्या आहेत त्याच्या डोळ्याला असा दोष तत्काळ खुपतो. तीच गोष्ट प्रमाणाची. प्रवेशद्वारापाशी एखादा माणूस उभा केल्याने मंदिराची उंची वाचकाला उमगते, हे मोजमापाची सवय असलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. खर्चाचा अंदाज बांधण्याची सवय तर पुढे शेकडो मैलांच्या मोहिमांचे आयोजन करताना उपयोगी पडणारी होती.

दुसऱ्या व्यवसायाकडे वळणारा माणूस बहुधा पहिल्या व्यवसायाला पाठ फिरवितो, आणि तेथे त्याची पहिली चूक होते. शिक्षकाला विषय उलगडून सांगण्याची हातोटी असते. वनखात्यातील माणसाला झाडे, वाटा आणि ऋतू ठाऊक असतात. हिशेबनिसाला व्यवहाराची शिस्त असते. नव्या व्यवसायात आपण कोरी पाटी घेऊन आलो आहोत असे समजण्याचे काही कारण नाही.

ओली काच आणि कोरडी काच

दीनदयाळ यांच्या काळी निसर्गदृश्याचे छायाचित्र घेणे किती कष्टाचे होते, याची कल्पना आज सहज येणार नाही. त्या वेळी कलोडिअनची ओली प्रक्रिया प्रचारात होती. काचेच्या स्वच्छ पट्टीवर कलोडिअनचा चिकट थर समप्रमाणात ओतावयाचा, ती पट्टी सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून प्रकाशसंवेदी करावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि थर वाळण्यापूर्वीच ते विकसित करावयाचे. हे सारे काही मिनिटांत उरकावे लागे. त्यामुळे छायाचित्रकार जेथे जाई तेथे अंधाऱ्या खोलीचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, स्वच्छ पाणी आणि काचांच्या पेट्या यांचा लवाजमा त्याच्याबरोबर जात असे. उन्हाळ्यात थर लवकर वाळे, पावसाळ्यात हवेतील ओलाव्याने द्रावणे बिघडत, आणि धूळ तर बारमाही शत्रू होती. त्या काळी चित्र मोठे करण्याची सोय व्यवहारात जवळजवळ नव्हती. जेवढे मोठे चित्र हवे तेवढीच मोठी काच वाहून न्यावी लागे.

१८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या पट्टीची कल्पना मांडली आणि १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा तयार पट्ट्या बाजारात मिळू लागल्या. आता पट्टी आधी तयार करून नेता येई व घरी परतल्यावर विकसित करता येई. दीनदयाळ यांची कारकीर्द नेमकी या स्थित्यंतराच्या काळात घडली. ज्या वर्षांत मोठ्या प्रवासाची कामे त्यांच्याकडे येऊ लागली, त्याच वर्षांत प्रवास सुकर करणारे साधनही उपलब्ध झाले. व्यवसायात यश केवळ गुणांवर मिळत नाही. तंत्र बदलत असताना ते बदल वेळीच आत्मसात करणारा माणूस पुढे जातो.

नोकरी सोडण्याची घडी

दुसऱ्या व्यवसायाच्या चरित्रात सर्वांत कठीण प्रश्न हा की, पहिला व्यवसाय नेमका केव्हा सोडावा? दीनदयाळ यांच्या आयुष्यक्रमात या प्रश्नाचे उत्तर सापडते. १८७४ साली कॅमेरा हाती घेतल्यानंतर जवळजवळ एक तप ते सरकारी नोकरीत होते. या काळात त्यांनी हात तयार केला, आश्रयदाते मिळविले, दृश्यांचा संग्रह वाढविला आणि इंदुरात आपला स्टुडिओ उभारला. १८८५ च्या सुमारास त्यांनी दीर्घ रजा घेतली, आणि त्यानंतर सेवेतून निवृत्ती पत्करली. तोपर्यंत व्हाइसरॉयचे छायाचित्रकार म्हणून नियुक्ती, निजामाच्या दरबाराशी संबंध आणि ग्रिफिन यांचा ग्रंथ या तिन्ही गोष्टी दृष्टिपथात आलेल्या होत्या. म्हणजे नोकरी सोडल्यावर त्यांनी व्यवसाय सुरू केला नाही. चालू असलेला व्यवसाय नोकरीत मावेनासा झाला, तेव्हा नोकरी सोडली.

हा भेद वरवर किरकोळ वाटला तरी त्यावर कुटुंबाचे स्वास्थ्य अवलंबून असते. दर महिन्याला येणारे वेतन एकाएकी थांबते, तेव्हा मनुष्य मिळेल ते काम मिळेल त्या दराने स्वीकारू लागतो. ज्या निसर्गदृश्यांसाठी त्याने नोकरी सोडली, त्यांच्याकडे पाहण्यास मग त्याला सवड उरत नाही. उलट नोकरीत असताना मिळणारे सुट्टीचे दिवस थोडे असले तरी ते मोकळे असतात. त्या दिवसांत काढलेल्या चित्राला कोणाच्याही मागणीचे बंधन नसते.

बोर्न यांचा मार्ग

सॅम्युएल बोर्न यांनी याच्या उलट मार्ग पत्करला. १८३४ साली इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यात जन्मलेले बोर्न नॉटिंगहॅम येथे एका बँकेत कारकून होते. हौशी छायाचित्रकार म्हणून त्यांचे नाव होऊ लागले, प्रदर्शनांतून त्यांची चित्रे झळकली, आणि १८६२ साली बँकेची नोकरी सोडून ते भारताकडे निघाले. १८६३ च्या आरंभी ते कलकत्त्यास उतरले व तेथून सिमल्यास गेले. पुढील तीन-चार वर्षांत त्यांनी हिमालयात तीन मोठ्या मोहिमा केल्या. पहिल्या मोहिमेतच त्यांच्याबरोबर सुमारे तीस हमाल होते. पुढील मोहिमांत ही संख्या वाढत गेली. १८६६ साली मनिरंग खिंडीत १८,००० फुटांहून अधिक उंचीवर त्यांनी छायाचित्रे घेतली. तेवढ्या उंचीवर कॅमेरा नेण्याचा त्यांचा विक्रम पुढे सुमारे वीस वर्षे अबाधित होता.

असे साहस एकट्याच्या बळावर चालत नाही. बोर्न डोंगरात असताना सिमल्याचा स्टुडिओ त्यांचे भागीदार सांभाळीत. चित्रांच्या प्रती तयार करणे, व्यक्तिचित्रे काढणे, गिऱ्हाइकांच्या मागण्या पुरविणे हे काम चार्ल्स शेफर्ड यांच्याकडे होते. सिमल्याला येणारे अधिकारी आणि प्रवासी स्वतःचे चित्र काढवून घेत आणि जाताना हिमालयाच्या दृश्यांच्या प्रती विकत घेत. बोर्न यांच्या काचपट्ट्यांना क्रमांक दिलेले असत, त्यांची सूची छापलेली असे, आणि सूची पाहून गिऱ्हाईक आपल्या पसंतीचे दृश्य मागवू शकत असे. १८७० साली बोर्न भारत सोडून गेले. परंतु त्यांनी घेतलेल्या सुमारे दोन हजारांहून अधिक दृश्यांच्या प्रती त्यानंतरही अनेक वर्षे विकल्या जात होत्या. 'बोर्न अँड शेफर्ड' ही पेढी पुढे दीड शतकाहून अधिक काळ टिकली आणि २०१६ साली कलकत्ता येथे बंद झाली.

बोर्न स्वतः मात्र नॉटिंगहॅमला परतून सुती धाग्याच्या धंद्यात शिरले. छायाचित्रण हा त्यांचा दुसरा व्यवसाय होता आणि तो जेमतेम सात-आठ वर्षे चालला. पुढे जलरंगातील चित्रे आणि छायाचित्रण यांचा छंद त्यांनी जोपासला. दुसरा व्यवसाय आजन्म टिकलाच पाहिजे असा काही नियम नाही. थोड्या वर्षांत केलेले काम पुरेसे भरीव असेल तर ते कर्त्याच्या पश्चातही उभे राहते.

बोर्न यांच्या अनुभवात आणखी एक बोध आहे. सिमल्याच्या आसपासचे डोंगर त्यांना प्रथम फारसे आवडले नाहीत. इंग्लंडमधील ओढे, तळी, झाडांचे पुंजके आणि झोपड्या यांच्यावर पोसलेल्या त्यांच्या नजरेला तेथील अफाट उघडे उतार चित्रात बसेनात. काश्मीरमध्ये पाणी व झाडी भेटली तेव्हा त्यांचे समाधान झाले. आपण कोणत्या चित्रांवर वाढलो, त्यावर आपल्याला कोणते निसर्गदृश्य 'सुंदर' वाटते हे अवलंबून असते. हा संस्कार ओळखल्याशिवाय स्वतःच्या प्रदेशाचे चित्र घेता येत नाही.

केवळ निसर्गदृश्यांवर चरितार्थ चालतो काय?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, फार थोड्यांचा चालला. दीनदयाळ यांनी सिकंदराबाद येथे मोठा स्टुडिओ उघडला. १८९२ साली हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ स्थापन केला व तो एका इंग्रज बाईंच्या व्यवस्थापनाखाली ठेवला. १८९६ साली मुंबईतही त्यांचा स्टुडिओ सुरू झाला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना 'राजा बहादुर मुसव्विर जंग' हा किताब दिला आणि १८९७ साली राणी व्हिक्टोरियाचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नियुक्ती झाली. या वैभवाचा पाया व्यक्तिचित्रे, दरबारचे सोहळे, शिकारी, लष्करी कवायती आणि बांधकामे यांच्या चित्रणावर उभारलेला होता. वास्तू व निसर्गदृश्ये यांनी त्यांना कीर्ती दिली; नित्याचा खर्च मात्र माणसांच्या चेहऱ्यांनी भागविला.

विसाव्या शतकातील अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांची हकीकत याहून निराळी नाही. त्यांनी तरुणपणी पियानोवादक होण्याची तयारी केली होती आणि १९३० च्या सुमारास संगीत सोडून छायाचित्रणास वाहून घेतले. योसेमिटीच्या दऱ्याखोऱ्यांची त्यांची चित्रे आज जगभर ओळखली जातात. तथापि कित्येक दशके त्यांनी कंपन्यांची आणि नियतकालिकांची कामे करूनच संसार चालविला. निसर्गदृश्यांच्या प्रतींना भरघोस मोल येऊ लागले ते त्यांच्या उतारवयात, १९७० नंतर.

तेव्हा निसर्गदृश्यांचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्याने आपल्या कामाचे दोन भाग मानणे हिताचे ठरते. एक भाग मागणीप्रमाणे करावयाचा : इमारती, धरणे, कारखाने, उपाहारगृहे, पर्यटन खात्याच्या पुस्तिका, दिनदर्शिका, प्रशिक्षणवर्ग. दुसरा भाग स्वतःच्या इच्छेने, दीर्घ मुदतीत घडवावयाचा. पहिल्या भागाला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्याने दुसऱ्याला गिळून टाकू नये यासाठी वर्षातील ठरावीक दिवस आधीच बाजूला काढून ठेवावे लागतात.

रायपूरच्या आसपासचा प्रदेश

आता हाच विचार एका विशिष्ट ठिकाणी लावून पाहू. दीनदयाळ यांनी ज्या 'मध्य भारता'ची छायाचित्रे घेतली तो संस्थानांचा प्रदेश होता. रायपूर त्या वेळी मध्य प्रांतात मोडत असे. त्यामुळे महानदीच्या खोऱ्यातील मंदिरे त्या ग्रंथाच्या कक्षेबाहेर राहिली. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून रायपूर-बिलासपूर भागात मराठी कुटुंबे वस्ती करून आहेत आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्याची निर्मिती झाल्यापासून रायपूर हे राजधानीचे शहर आहे. नव्या राजधानीत इमारती, रस्ते, कार्यालये, रुग्णालये यांची वाढ झाली, की भिंतींना चित्रे लागतात आणि संस्थांना अहवाल छापावे लागतात. व्यवसायाच्या दृष्टीने ही अनुकूल गोष्ट होय.

परंतु रायपूरच्या आसपास हिमालय नाही. छत्तीसगडचे मैदान हे भाताचे कोठार. बांधांनी आखलेली सपाट खाचरे, गावोगावची तळी, क्वचित एखादा मोह किंवा पळस, आणि वर अफाट आकाश. बाहेरून आलेल्या डोळ्याला यात 'दृश्य' दिसत नाही. येथे चित्राचा विषय ऋतू असतो. जूनच्या मध्यानंतर पाऊस सुरू झाला की खाचरांत पाणी साचते आणि भूमी आरशासारखी होते. ऑगस्टमध्ये सर्वत्र एकच हिरवा रंग पसरतो. ऑक्टोबरात पावसाने धुतलेली हवा स्वच्छ असते व दूरची झाडेही रेखीव दिसतात. नोव्हेंबरात पिकलेल्या भाताचा पिवळा रंग आणि सकाळचे धुके. फाल्गुनात पळसाची फुले. आणि एप्रिल-मे महिन्यांत धुळीने भरलेला पांढुरका उजेड, ज्यात दुपारी कॅमेरा बाहेर न काढणेच बरे. एकाच तळ्याच्या काठी वर्षभर, ठरावीक जागेवरून, दर पंधरवड्यास चित्र घेतल्यास नवोदिताला जे शिक्षण मिळेल ते दूरच्या दहा प्रवासांनी मिळणार नाही.

रायपूरहून सुमारे ४५ किलोमीटरवर राजिम येथे महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा संगम आहे. तेथील कुलेश्वराचे मंदिर नदीच्या पात्रातच उभे असल्याने पावसाळ्यात त्याच्या भोवती पाणी असते आणि उन्हाळ्यात वाळवंट. महानदीच्याच काठी सिरपूर येथे सातव्या शतकातील लक्ष्मण मंदिर आहे. महाशिवगुप्त बालार्जुनाची माता वासटा हिने ते बांधविले. हे मंदिर विटांचे असल्यामुळे त्याच्या तांबूस पृष्ठभागावरील कोरीवकाम दुपारच्या सरळ उन्हात सपाट दिसते. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यातील प्रत्येक वीट वेगळी उठून दिसते. धमतरीजवळील गंगरेलचे धरण, आणि दक्षिणेला सुमारे तीनशे किलोमीटरवरील जगदलपूरपलीकडे इंद्रावतीचा चित्रकोट धबधबा, हीही परिचित स्थळे होत. चित्रकोटची उंची सुमारे ९० फूट. पावसाळ्यात तो नालेच्या आकाराने रुंद पसरतो आणि पाणी गढूळ तांबडे असते. हिवाळ्यात धारा विभागल्या जातात आणि शुभ्र होतात. ही दोन्ही चित्रे खरी आहेत. गिऱ्हाईक बहुधा शुभ्र धारा मागते. अभ्यासू छायाचित्रकाराच्या संग्रहात मात्र दोन्ही असावयास हवीत.

या प्रदेशातील पुष्कळशी अरण्ये ही लोकांची घरे आहेत. सालवनात मोहाची फुले वेचणारी स्त्री म्हणजे दृश्यातील शोभेची वस्तू नव्हे. तिचे चित्र घेण्यापूर्वी तिची अनुमती घेणे आणि ते कोठे छापले जाणार आहे हे तिला समजेल अशा भाषेत सांगणे, हे सौजन्य तर आहेच, पण व्यवसायाची प्रतिष्ठाही त्यावरच टिकते. १८९९-१९०० च्या दुष्काळात निजामाच्या राज्यातील मदतकार्याची छायाचित्रे दीनदयाळ यांच्या पेढीने घेतली. राजवाड्यांच्या चित्रांशेजारी ही चित्रे ठेवली असता, भूमीचे चित्रण तिच्यावर जगणाऱ्या माणसांपासून वेगळे काढता येत नाही, हे दिसून येते.

हक्क, नोंद आणि परवाने

व्यवसाय म्हटला की कायदा आलाच. भारतात छायाचित्रावरील स्वामित्वहक्क १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाने ठरतो. स्वतःच्या इच्छेने घेतलेल्या चित्राचा पहिला मालक छायाचित्रकार असतो. परंतु कोणी मोबदला देऊन चित्र काढवून घेतले, आणि उभयतांत वेगळा करार नसला, तर पहिला मालक ते काम सांगणारा ठरतो. नोकरीचा भाग म्हणून घेतलेल्या चित्राचा हक्क मालकाकडे जातो. म्हणूनच काम स्वीकारतानाच लेखी करार करून, चित्र कोठे, किती काळ व कोणत्या कारणासाठी वापरले जाईल हे नमूद करावे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रालाही अन्य कलाकृतींप्रमाणे कर्त्याच्या आयुष्यभर व त्यानंतर ६० वर्षे संरक्षण मिळते. म्हणजे आज नीट जपलेला संग्रह मुलाबाळांच्याही उपयोगी पडू शकतो.

राष्ट्रीय उद्यानांत छायाचित्रणासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवाना लागतो. जगदलपूरजवळील कांगेर खोरे हे १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. ड्रोनचा वापर करावयाचा असल्यास ड्रोन नियम, २०२१ नुसार त्याची नोंदणी आणि उड्डाणास मोकळ्या असलेल्या आकाशक्षेत्राची खात्री करून घ्यावी लागते. या गोष्टी कंटाळवाण्या वाटतात. परंतु ज्या संस्थेकडून काम मिळवावयाचे ती कागदपत्रे पूर्ण असलेल्या माणसालाच काम देते.

नोंदींचे महत्त्व तर वेगळे सांगावयास नको. बोर्न व दीनदयाळ या दोघांच्याही काचपट्ट्यांवर क्रमांक आणि स्थळांची नावे आहेत. त्यामुळेच शंभर-दीडशे वर्षांनंतर ती चित्रे कोठली हे सांगता येते. आजचा छायाचित्रकार एका सकाळी शेकडो चित्रे घेतो, आणि स्थळ, दिनांक, नदीचे नाव यांची नोंद न केल्यास वर्षभरात त्यांतील बहुतेक त्यालाही ओळखू येत नाहीत. प्रत्येक प्रवासानंतर चित्रांची निवड करणे, निवडलेल्यांस क्रमांक देणे, नोंदवहीत माहिती लिहिणे आणि मूळ प्रतींचे दोन वेगळ्या ठिकाणी जतन करणे, एवढी शिस्त अंगी बाणली म्हणजे संग्रहाला मोल येते.

आश्रय आणि स्वातंत्र्य

दीनदयाळ यांच्या वैभवाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा अभ्यास पुरा होणार नाही. १९०४ साली त्यांचे चिरंजीव धरमचंद यांचे निधन झाले आणि १९०५ साली ते स्वतः निवर्तले. १९११ साली निजाम महबूब अली खान यांचाही मृत्यू झाला. दुसरे चिरंजीव ग्यानचंद यांनी पेढी चालविली, परंतु पूर्वीचे दिवस राहिले नाहीत. ज्या दरबाराने पेढीला शिखरावर नेले, त्या दरबाराच्या मर्जीशीच तिचे भवितव्य बांधले गेले होते. एका मोठ्या आश्रयदात्यापेक्षा दहा लहान गिऱ्हाइके बरी, हे व्यवहारज्ञान आजही तितकेच खरे आहे. मग तो आश्रयदाता एखादे सरकारी खाते असो वा एखादा कारखाना.

असे असूनही दीनदयाळ यांचे काम नाहीसे झाले नाही. १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या पेढीच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह मिळविल्या. २००६ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले. किताब आणि नेमणुका इतिहासजमा झाल्या. क्रमांक घातलेल्या काचा तेवढ्या उरल्या.

रायपुरातील एखाद्या अभियंत्याने किंवा शिक्षकाने चाळिशी उलटल्यावर हा मार्ग पत्करण्याचा विचार केला, तर त्याला या चरित्रांतून एक क्रम हाती लागतो. प्रथम नोकरीत राहून एकाच प्रदेशाचे सर्व ऋतू पाहावेत. त्या चित्रांची सूची करावी. त्यांतील निवडक चित्रांच्या उत्तम प्रती करून त्या जाणकारांपुढे आणि गिऱ्हाइकांपुढे ठेवाव्यात. मागणी सातत्याने येते की केवळ स्नेह्यांच्या कौतुकापुरती आहे, हे दोन-तीन वर्षे तपासावे. घरखर्चाची तरतूद बाजूला काढावी. आणि मगच राजीनाम्याचा विचार करावा. ही तपासणी करून 'नोकरी सोडू नये' असा निर्णय झाला, तरी त्यात अपयश नाही. १८७४ ते १८८५ या काळातील दीनदयाळ हेही नोकरीतले छायाचित्रकारच होते, आणि ज्या वास्तुचित्रांमुळे त्यांची आजही आठवण केली जाते, त्यांतील बरीचशी त्याच काळातली आहेत.